बंड्याचं पोट बिघडतं तेव्हा...

पहाटेचे साडेतीन. बाहेर पनवेलचा पाऊस आणि आत लादीवर नखांची टकटक. हॉलमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून दार, दारापासून थेट माझ्या उशीपर्यंत. ज्यांच्या घरी कुत्रं आहे, त्यांना या आवाजाचा अर्थ सांगायला नको. मी धडपडत उठायची, पट्टा सापडायचा तर छत्री नाही, आणि छत्री मिळेपर्यंत उशीर झालेला असायचा. मग फिनेल, जुने पेपर आणि आतून नवऱ्याचा झोपेतला आवाज, ‘‘परत?’’

२०२३ चा अख्खा पावसाळा आमच्या घरी असा गेला.

बंड्या आमचा गावठी कुत्रा. त्याच्या आदल्या वर्षी जुलैत वडाळे तलावाजवळ भिजून कुडकुडणारं हे पिल्लू माझ्या मुलीने ओढणीत गुंडाळून घरी आणलं. ‘‘फक्त पाऊस थांबेपर्यंत,’’ या अटीवर मी हो म्हटलं. पनवेलला पाऊस कधी थांबतो हे इतकी वर्षं इथे राहून मला ठाऊक होतं, म्हणजे चूक माझीच! पाऊस थांबला, दिवाळी झाली, बंड्या राहिला.

‘‘गावठी कुत्र्यांना काही होत नाही हो, दगडसुद्धा पचवतात,’’ असं मला निदान दहा जणांनी सांगितलं असेल. आमचा बंड्या मात्र दगड सोडून काहीच पचवत नव्हता. आठवड्यातून तीन दिवस बरा, चार दिवस बिघडलेला. तसा खेळायचा, धावायचा, भूकही होती. फक्त पोट.

पोट बिघडलं की आपण काय करतो? खाणं बदलतो. मीही तेच केलं. पहिलं वर्षभर तो एका दुकानातलं सुटं खाणं खात होता. मोठी गोणी उघडी ठेवलेली, त्यातून किलोच्या मापाने प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून द्यायचे. स्वस्त पडायचं. ते बंद करून चिकन-भाताची सीलबंद पिशवी आणली. चार दिवसांत फरक दिसेना म्हणून लँब-राइस आणलं. मग कुणीतरी म्हणालं की गव्हाचा त्रास असतो, म्हणून ‘ग्रेन-फ्री’ लिहिलेली परदेशी पिशवी. तिची किंमत मी सासूबाईंना आजतागायत सांगितलेली नाही. त्यानेही जमेना, तेव्हा पिल्लांचं खाणं हलकं असतं असं ऐकलं आणि तेही आणून झालं. (ते हलकं नसतं. वाढत्या वयासाठी त्यात चरबी उलट जास्तच असते. हे मला नंतर कळलं.) सुटं धरून चार महिन्यांत पाच प्रकार. प्रत्येक वेळी आज जुनं बंद, उद्यापासून नवं.

आणि मग एका रविवारी, सकाळीच हॉलची चादर धुवायला टाकावी लागली तेव्हा, नवरा म्हणाला, ‘‘पेणजवळ माझ्या मित्राचं शेत आहे. तिथे मोकळा राहील.’’ तो वाईट माणूस नाही. तोही चार महिने झोपला नव्हता. मी गप्प बसले, कारण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. बोलल्या त्या सासूबाई. पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता म्हणाल्या, ‘‘पोट बिघडलं म्हणून कोणी घरातलं माणूस सोडतं का रे?’’

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या पिशव्यांची लेबलं कापून, एका फाइलमध्ये लावून नवीन पनवेलच्या डॉक्टरबाईंकडे गेले. मला वाटलं, त्या लेबलं वाचतील आणि यातलं अमुक चांगलं असं सांगतील. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘शी कशी असते?’’

मैत्रिणींनो, तान्ह्या बाळाच्या शीवर आपण बायका तासभर बोलू शकतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र मी ‘‘पातळ असते’’ यापलीकडे काही सांगू शकले नाही. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. एक म्हणजे खडा, सात म्हणजे पाणी, दोन-तीनच्या आसपास असेल तर उत्तम. दिवसातून किती वेळा, एकदम खूप की थोडी थोडी, शेंबडासारखा चिकट भाग असतो का, शेवटी लाल थेंब दिसतो का, वजन उतरलंय का? हे विचारण्यात अर्थ होता. खूप प्रमाणात जुलाब, उलट्या, वजन घटणं ही लक्षणं लहान आतड्याकडे बोट दाखवतात. थोडं थोडं, घाईघाईने, चिकट आव आणि कधी रक्ताचा थेंब ही मोठ्या आतड्याची तक्रार. पहिल्याला कमी चरबीचं, सहज पचणारं खाणं मानवतं. दुसऱ्याला पुष्कळदा तंतूंचा उपयोग होतो. दोन्हीला मी इतके दिवस एकच नाव दिलं होतं, ‘पोट खराब’.

बंड्याची तक्रार मोठ्या आतड्याची निघाली. पण खाण्याकडे वळण्याआधी डॉक्टरांनी शी तपासायला पाठवली. जंत, जिआर्डियासारखे सूक्ष्म जीव, स्वादुपिंडाची सूज, गोचिडांतून होणारे ताप, कितीतरी कारणांनी पोट बिघडतं आणि त्यातलं एकही खाण्याची पिशवी बदलून बरं होत नाही. लस न झालेल्या पिल्लाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर पार्व्होची शंका घेऊन त्याच दिवशी धावावं लागतं. तिथे लेबलं वाचत बसायला वेळ नसतो. सतत उलट्या, शीत रक्त, मलूल होऊन पडून राहणं, हिरड्या कोरड्या पडणं यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. आणि घरातल्या माणसांच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आमच्या पनवेलहून बरेच लोक मोठ्या आजारासाठी परळला, सगळे ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात तिथे, जनावर घेऊन जातात. शेजारीच १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तशी वेळ आलीच तर चिठ्ठी देते, असं डॉक्टर म्हणाल्या. आमच्यावर ती आली नाही.

तपासणीत काही निघालं नाही. तेव्हा डॉक्टरांनी मला औषध न देता एक काम दिलं. ‘‘आठ दिवस वही करा. याच्या तोंडात जे जे जाईल ते लिहायचं. कोणी दिलं, तेही लिहायचं. खाणं बदलायचं आधी थांबवू, मग निवडू.’’

वही फ्रिजवर दोरीने टांगली. पहिल्याच दिवसाचं पान असं होतं. सकाळी सहा, दाणे, मी. साडेसहा, पोळीचा तुकडा दुधात बुडवून, सासूबाई. आठ, चीज सँडविचच्या कडा, मुलगी. एक वाजता वरणभात, ‘फक्त चवीला’. संध्याकाळी वॉचमनकाकांकडून खारी. रात्री दाणे, त्यावर ऑम्लेटचा तुकडा, नवरा. ऑम्लेटमध्ये कांदा! कांदा-लसूण कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, हे त्या दिवशी मी नवऱ्याला जरा जोरातच सांगितलं. आपल्या घरी तर वाटणाशिवाय रस्सा होत नाही. रश्शातली पोळी ‘बिचाऱ्याला’ देणारी किती घरं मला माहीत आहेत!

आणि चार वाजताची नोंद. सासूबाईंचं वळणदार अक्षर. ‘दुपारी ४. ह्यांची दोन बिस्किटं.’

माझे सासरे त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गेले. दुपारी चारला चहा आणि दोन ग्लुकोजची बिस्किटं हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. ते गेल्यावरही सासूबाई चहाबरोबर बशीत चार बिस्किटं काढत होत्या, दोन स्वतःची आणि दोन ‘ह्यांची’, आणि ती बंड्या खात होता. मी दुपारी घरी नसते. मला हे माहीतच नव्हतं. आठव्या दिवशीपर्यंत ती नोंद रोज तशीच होती. फक्त काही दिवशी दोनाची चार झाली होती. ‘आज पाऊस फार’ असं पुढे लिहिलेलं.

वही पाहून डॉक्टरांनी हिशेब मांडला. बंड्या बारा किलोचा. अशा कुत्र्याला दिवसाला साधारण सातशे कॅलरी लागतात, म्हणजे सर्वसाधारण कोरड्या खाण्याचे दोनशे ग्रॅम. वरखाऊ यातल्या दहा टक्क्यांत बसायला हवा, सत्तर कॅलरीत. तेवढ्या तीन बिस्किटांतच संपतात. बंड्या जवळजवळ निम्मं पोट वरखाऊवर भरत होता आणि मी दाण्यांची पिशवी बदलत होते.

दुधाचं तर आणखीनच. आपल्याकडे कुत्रं म्हटलं की दूध-पोळी. पण मोठ्या कुत्र्याच्या पोटात दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य कमी झालेलं असतं. काहींना घोटभर चालतं, काहींना मुळीच नाही. पोळीचं तसं नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चार ते तीस. हजारो वर्षं माणसाचं उष्टं खाऊन कुत्र्याला धान्य पचायला लागलं. म्हणजे पोळी-भाताने आपोआप पोट बिघडतं हे खोटं, आणि ‘धान्य वाईट’ म्हणून विकलेली माझी ती महागडी पिशवीही वायाच गेली. उलट अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये कडधान्यं आणि बटाटे भरलेल्या धान्यविरहित खाण्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. २०२२ च्या अखेरीस त्यांनी सांगितलं की कार्यकारणसंबंध ठरवण्याइतकी माहिती नाही. म्हणजे दोष सिद्ध झाला नाही, पण जास्तीचे पैसे मोजण्याचं कारणही मला त्यात सापडलं नाही.

मग कोरडं खाणं निवडायचं कसं? डॉक्टरांनी आता ती फाइल उघडली.

पिशवीच्या पुढच्या बाजूला असतो तो फोटो आणि जाहिरात. ‘सेन्सिटिव्ह’, ‘नॅचरल’, ‘प्रीमियम’ हे शब्द कंपनीचे असतात. आपल्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ‘अन्न’ शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात जनावरांचं खाद्य येत नाही. तेव्हा माणसांच्या पाकिटावर दिसणारी ती खूण इथे शोधू नका, पिशवी उलटी करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पण यातही गंमत आहे. पहिला शब्द ‘चिकन’ असेल तर ते ताजं, पाण्यासकट मोजलेलं चिकन असू शकतं आणि त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ‘चिकन मील’ म्हणजे पाणी काढून केलेली पूड. ऐकायला बरं नाही वाटत, पण वजनाला प्रथिन त्यात जास्त. अमेरिकेतल्या नियमांत ‘विथ चिकन’ असं लिहायला तीन टक्के चिकन पुरतं. मका, मक्याचं ग्लूटेन, गहू, गव्हाचा कोंडा असे वेगवेगळे लिहिले की प्रत्येक जण यादीत खाली जातो आणि मांस वर दिसतं. घरात भिशीचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांना ही युक्ती ओळखायला वेळ लागणार नाही!

माझं लँब-राइस तर मजेशीर निघालं. चिकनचा त्रास असेल म्हणून ते आणलं, आणि यादीत पाचव्या क्रमांकावर कोंबडीची चरबी, सातव्यावर चिकन मील. मोठ्या अक्षरात लँब, बारीक अक्षरात कोंबडी.

प्रथिनाचा आकडाही जपून वाचायचा. तो मोजतात नायट्रोजनवरून, पचतं किती ते त्यात कळत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्यामांजरांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं. का, तर त्यात नायट्रोजन भरपूर, म्हणून तपासणीत प्रथिन जास्त दिसतं. पिशव्याच्या पिशव्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. तेव्हा तीस टक्के प्रथिन पंचवीसपेक्षा चांगलंच, असं नाही. नाजूक पोटासाठी चरबीचा आकडा जास्त महत्त्वाचा. मोठ्या कुत्र्यांच्या नेहमीच्या दाण्यांत ती साधारण दहा ते पंधरा टक्के असते. आम्हाला डॉक्टरांनी बाराच्या आत राहायला सांगितलं. शिवाय यादीत बीटचा चोथा, चिकोरी, इसबगोल असं काही तंतूंचं असेल तर मोठ्या आतड्याला बरं. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’, म्हणजे रोजचं पूर्ण खाणं, हे शब्द हवेत. नाहीतर ते नुसतं खाऊचं पाकीट. लाल-हिरवे दाणे आपल्या डोळ्यांसाठी असतात. कुत्र्याला लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसतच नाहीत.

आणि ॲलर्जी? हा शब्द हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे. अन्नामुळे त्वचेवर त्रास उठणाऱ्या कुत्र्यांवरच्या अभ्यासांचा एक आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोमांस चौतीस टक्के, दुधाचे पदार्थ सतरा, चिकन पंधरा आणि गहू तेरा टक्के कुत्र्यांत दोषी निघाले. ज्याची खरोखर शंका आहे त्याला एकतर आयुष्यात कधी न खाल्लेलं मांस असलेलं, किंवा ज्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर ते ओळखत नाही, असं डॉक्टरी खाणं द्यावं लागतं. तेही दुसरं काहीही तोंडात न जाता. पोटाचा फरक बहुधा दोन आठवड्यांत दिसतो, त्वचेला आठ लागतात. चवीची जंताची गोळीसुद्धा मधे चालत नाही. रक्ताची तपासणी करून ॲलर्जी सांगणारे भेटतात, पण पोटाच्या बाबतीत त्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

आता त्या सुट्या खाण्याबद्दल, कारण ते आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतं. हे दाणे बनतात कसे? पीठ, मांसाची पूड, जीवनसत्त्वं एकत्र करून वाफेवर शिजवतात आणि यंत्रातून दाबून काढतात, बाजारातले कुरकुरे फुलून येतात ना, तसे. मग वाळवतात आणि शेवटी वरून चरबी फवारतात, चवीसाठी. दाणे हाताला तेलकट लागतात ते म्हणून. उघड्या गोणीत ही वरची चरबीच आधी बिघडते. खवट खोबरं, खवट दाण्याचं कूट आपण नाकाने ओळखतो. तेच नाक इथे वापरायचं. त्यात पनवेलची हवा. जुलैत आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, पापड वातड होतात. दहा टक्के ओलाव्याचे ते दाणे उघड्यावर किती दिवस कोरडे राहणार? बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीच आपलं विष सोडून बसते. गोणीवरची तारीख, बॅच नंबर, घटक, काहीच आपल्या हातात येत नाही. मी आता लहान सीलबंद पिशवी घेते, महिन्यात संपेल एवढीच, आणि ती पिशवीसकट स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. दाणे डब्यात ओतत नाही, कारण तळाचा जुना तेलकट चुरा नव्या दाण्यांना लागतो.

या सगळ्या अभ्यासानंतर डॉक्टरांनी निवडलं काय, तर चिकन-भाताची ती पहिली सीलबंद पिशवी! जी मी चार दिवसांत नापास करून भाजीवालीच्या कुत्र्याला देऊन टाकली होती. मध्यम किमतीची, अकरा टक्के चरबीची, बीटचा चोथा असलेली. नव्या खाण्याशी आतड्यातल्या जिवाणूंची ओळख व्हायला वेळ लागतो. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, असं सात ते दहा दिवसांत बदलायचं. नाजूक पोटाला दोन आठवडे. मी प्रत्येक वेळी एका रात्रीत बदललं आणि बदलामुळे झालेल्या जुलाबाचं खापर नव्या पिशवीवर फोडलं.

मांजरवाल्या मैत्रिणींसाठी एवढंच, की कुत्र्याचे नियम तसेच्या तसे तिकडे लावू नका. मांजर पूर्ण मांसाहारी. टॉरिन नावाचं द्रव्य तिला खाण्यातूनच मिळावं लागतं, म्हणून शाकाहारी घरातही तिला वरणभातावर ठेवता येत नाही आणि कुत्र्याच्या दाण्यांवर तर नाहीच. कोरडं खाऊन ती पाणीही कमी पिते. बोक्यांची लघवी अडण्याचा धोका असतो, तेव्हा थोडं ओलं खाणं सोबत असलेलं बरं. तिचं पोट बिघडलं म्हणून लंघन घालू नका. दोन-तीन दिवस काही न खाल्लेल्या मांजराचं, विशेषतः जाड मांजराचं, यकृतच बिघडतं.

तर, पिशवी ठरली. उरलं ते घर.

‘‘आई, त्याला आता दाण्यांशिवाय काही द्यायचं नाही,’’ मी सांगितलं. जरा कोरडेपणानेच. सासूबाई ‘‘बरं’’ म्हणाल्या. पोळी थांबली, दूध थांबलं, वहीत फक्त माझ्या नोंदी येऊ लागल्या. तेराव्या दिवशी मी तक्त्यावर ‘तीन’ लिहिलं आणि आनंदाने ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन केला. (कशाबद्दल ते ऐकून तिने जेवणाचा डबा बंद केला.) पण त्याच आठवड्यात एकदा दुपारी लवकर घरी आले तर चार वाजून गेलेले, आणि गॅसवर आधण नाही. सासूबाई आत पडून होत्या. बंड्या दाराशी. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘नको वाटतो हल्ली चहा. तो बघत बसतो गं समोर. त्याला द्यायचं नाही आणि आपण खायचं...’’

मला चर्र झालं. पथ्य लिहून देताना डॉक्टरांनी दोनशे ग्रॅमचा हिशेब दिला होता. ते कोणाच्या हातून द्यायचे हे थोडंच लिहिलं होतं! त्या संध्याकाळी सासऱ्यांचा तो निळा बिस्किटांचा डबा मी घासला, वाळवला. सकाळी बंड्याच्या दिवसभराच्या दाण्यांतून मूठभर काढून त्यात भरले. तेवढे रात्रीच्या वाटीतून कमी.

पहिल्या दिवशी, सासूबाई सांगतात, त्याने दाणा हुंगला, डब्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, ‘‘काय ही फसवणूक’’ अशा चेहऱ्याने. मग खाल्ला. दोन दोन करत डबा रिकामा व्हायला चहाच्या कपापेक्षा जास्त वेळ लागतो. वहीत त्यांच्या अक्षरातली नोंद पुन्हा सुरू झाली. आठ आठवडे झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून एकेक गोष्ट परत देऊन पाहिली. चमचाभर दुधाने दुसऱ्याच दिवशी तक्त्यावर सहा. अर्ध्या बिस्किटाने काही झालं नाही. पोळीच्या तुकड्याने नाही. उकडलेला लाल भोपळा तर मानवला. दूध कायमचं बंद. पेणच्या शेताचा विषय नवऱ्याने पुन्हा काढला नाही. रात्रीचं ऑम्लेट तो आता बंड्याकडे पाठ करून खातो.

२०२४ च्या गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं होतं. नणंदेचा धाकटा हातात मोदक घेऊन बंड्याच्या मागे मागे, आणि बंड्याही फार पळत नव्हता. मी उठणार तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, ‘‘ए, नाही हं! त्याचं पथ्य आहे.’’ निळा डबा घेऊन त्या बाहेर आल्या आणि झाकण उघडून पोराच्या तळहातावर त्यांनी दोन दाणे ठेवले. ‘‘हे दे. आणि तो मोदक तू खा, तुपाशिवाय खाऊ नको.’’